तीन व्होल्टचा आकाशपाळणा

आमच्या गल्लीत लाईट गेली की अंधाराच्या आधी आवाज जायचा.

सोलापूरच्या पूर्व भागात लहानपण गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. अशोक चौकापासून थोडं आत आमचं दोन खोल्यांचं घर. डाव्या भिंतीला लागून यंत्रमागांचा कारखाना, समोर दुसरा, मागच्या बोळात तिसरा. सकाळी सुरू झालेले माग रात्री उशिरापर्यंत खडाक-खडाक चालायचे. त्यातच अभ्यास, त्यातच जेवण, त्यातच झोप. फळीवरची पितळी भांडी दिवसभर बारीक थरथरत असायची, आणि आई दर दोन-तीन दिवसांनी ती मागे सारून ठेवायची, कारण हळूहळू सरकत ती काठाशी यायची. आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना पहिल्या रात्री झोप लागायची नाही. आम्ही आजोळी गेलो की तिथल्या शांततेत आम्हाला लागायची नाही.

आणि मग एखाद्या संध्याकाळी लाईट जायची. माग काही एका क्षणात थांबत नाहीत. अंगातला वेग संपेपर्यंत आणखी दोन-चार ठोके पडतात, प्रत्येक ठोका आधीच्यापेक्षा सावकाश, आणि मग एकदम काहीच नाही. त्या शांततेत कुठेतरी टपकणारा नळ ऐकू यायचा, शेजारच्या अक्का मुलांना तेलुगूत रागावत असायच्या ते शब्दन्‌शब्द ऐकू यायचं, आणि आईच्या कात्रीचा विडीचं पान कापतानाचा कच्‌ असा आवाज यायचा. आई विड्या वळायची. अंधार झाला तरी तिचे हात थांबत नसत.

माझं खेळणं चालायचं ते त्या शांततेतच. एरवी चालवून उपयोग नव्हता, कारण त्याची घंटा मागांच्या आवाजात मला स्वतःलाही ऐकू यायची नाही.

सुरुवात मात्र दुसऱ्याच घरात झाली. १९८८ साली मी सहावीत होतो. वर्गातला एक मित्र सात रस्त्याच्या बाजूला राहायचा. त्याचे मामा जर्मनीत असत आणि त्यांनी त्याच्यासाठी लेगोचा डबा आणला होता. पोलिसांची गाडी, पांढरे-काळे ठोकळे एकमेकांवर बसवून केलेली. ठोकळ्यांचं मला फार नवल वाटलं नाही, तसे प्लास्टिकचे ठोकळे मी आधी पाहिले होते. पण त्यानं एक खटका सरकवला आणि गाडीच्या टपावरचे दिवे उघडझाप करायला लागले, आणि आतून चक्क पोलिसांच्या गाडीसारखा सायरन वाजला. एवढासा आवाज, पण अगदी खरा! मित्रानं दिव्याचा ठोकळा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, तू लाव. मी तो दाबून बसवला. बोटाखाली टक्‌ झालं आणि त्याच क्षणी तो पेटला. मी काढला, विझला. लावला, पेटला. किती वेळा केलं ते आठवत नाही. त्याच्या आईनं आम्हाला खायला बोलावलं तेव्हाही मी तेच करत होतो.

डोक्यात एकच गोष्ट बसली होती: वायर कुठे आहे?

रात्री अप्पांना विचारलं. अप्पा जवळच्याच एका कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की त्यांना बोलावणं यायचं, आणि माणूस दारात पोचायच्या आधी नुसत्या आवाजावरून कितव्या मागात काय झालंय हे ते सांगायचे. मी म्हटलं, अप्पा, दिवा लागतो, भोंगा वाजतो, पण वायरच नाही. ते भाकरी मोडता मोडता म्हणाले, “वायर नसंल असं होतंय का बे? दिसत नसंल.”

त्यांचं बरोबर होतं. खूप वर्षांनी मी ते शोधून वाचलं. लेगोनं १९८६ मध्ये ही दिवे-आवाजाची मालिका काढली. बॅटरीच्या डबीत ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, आणि काही पट्ट्यांच्या व ठोकळ्यांच्या गोल उंचवट्यांवर धातूचे बारीक संपर्क. ठोकळा ठोकळ्यावर बसला की धातूला धातू टेकतो आणि वीज वर चढते. म्हणजे भिंत बांधता बांधता आपण वायरिंगच करत असतो. हे वाचलं त्या दिवशी अप्पा सांगायला नव्हते, याचं मला फार वाईट वाटलं.

तो डबा आम्हाला मिळणं शक्य नव्हतं आणि मी मागितलाही नाही. पण त्या दिवाळीत बोनस झाल्यावर अप्पा मला सायकलवर डबल सीट नव्या पेठेत घेऊन गेले आणि मेकॅनिक्सचा डबा घेऊन दिला. घरी येईपर्यंत मी तो पोटाशी धरला होता. आत भोकं असलेल्या रंगीत लोखंडी पट्ट्या, चाकं, पुली, दांडे, वाकडी मूठ, बारीक नट-बोल्ट, आणि माझ्या बोटाएवढा पाना. त्या पान्याचा वास मला आजही आठवतो, तेल आणि लोखंड मिसळलेला, अप्पांच्या कामाच्या शर्टासारखा.

या खेळाचं मूळ लिव्हरपूलचं. फ्रँक हॉर्नबी नावाच्या माणसानं आपल्या मुलांसाठी पत्र्याच्या भोकाच्या पट्ट्या कापल्या आणि १९०१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, तेच पुढे मेकॅनो झालं. सगळी करामत भोकांमधल्या सारख्या अंतराची. कुठलीही पट्टी कुठल्याही पट्टीला जुळते.

अप्पांनी डबा उघडून पट्टी हातात घेतली, दिव्यासमोर धरली आणि म्हणाले, “हे आपल्या पुठ्ठ्यासारखंच हाय की.” पुठ्ठे म्हणजे जेकार्डचे. आमच्या चादरीवर जी फुलं आणि मोर येतात ते या भोकांच्या पुठ्ठ्यांमधून येतात. मागाच्या वर पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. भोक आलं की सुई आत जाते आणि तिच्या हुकाचा धागा वर उचलला जातो, भोक नसलं की सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. डिझाईन बंद झालं की पुठ्ठे अडगळीत पडायचे, आणि अप्पा ते माझ्यासाठी आणायचे. माझ्या सगळ्या इमारतींची जमीन त्या पुठ्ठ्यांची होती. लोखंडी मनोरा उभा राहायचा तो कुठल्यातरी चादरीच्या अर्ध्या मोरावर.

पण दिवा हवा होता. अप्पांच्या रात्रपाळीच्या बॅटरीतले दोन मोठे सेल मी काढले, तिच्यातलाच स्क्रूचा छोटा बल्ब घेतला, आणि विचार केला की आपली अख्खी गाडीच लोखंडाची आहे, मग वायर एकच पुरेल, दुसरी वाट लोखंडातून. मोटारसायकलला असंच असतं हे मला ठाऊक होतं. सगळं जोडलं. काही झालं नाही. सेल उलटे केले, बल्ब बदलला. काहीच नाही. मी रडकुंडीला आलो तेव्हा अप्पा शेजारी येऊन बसले.

“काय करलालास बे?”

मी सांगितलं. त्यांनी पट्टी उचलली, नखानं रंग खरवडून दाखवला. “हे बघ. वर रंग हाय. रंगातनं करंट कसा जाईल?” मग पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन भोकाच्या भोवतीचा रंग घासला, खालचं लोखंड उजळलं, बोल्ट घट्ट केला. बल्ब पेटला. पिवळा, किंचित लालसर, तार आधी तापते आणि मग उजळते तो अर्धा क्षणही दिसावा इतका सावकाश.

नव्याकोऱ्या पट्ट्यांचा रंग खरवडायचा म्हणजे माझ्या जिवावर आलं होतं. आज तो डबा उघडला तर जवळजवळ प्रत्येक पट्टीच्या टोकाला चांदीसारखं गोल आहे. ज्या पट्टीला नाही ती कधी दिव्याच्या वाटेत आली नाही, एवढाच अर्थ.

घंटेला जास्त दिवस लागले. विजेची घंटा कशी चालते याचं चित्र दादाच्या विज्ञानाच्या पुस्तकात होतं. खिळ्यावर तारेचे वेढे, समोर लवचिक लोखंडी पट्टी, आणि तिला टेकलेला स्क्रू. वीज वाहते, खिळा चुंबक होतो, पट्टीला ओढतो. पट्टी ओढली गेली की स्क्रूपासून सुटते, म्हणजे वीज तुटते, चुंबक मरतो, पट्टी परत स्क्रूला येऊन टेकते, की पुन्हा वीज. स्वतःच स्वतःला तोडत राहते आणि त्या थरथरीचा आवाज होतो. हे कळल्यावर मी दोन रात्री नीट झोपलो नाही.

कारखान्यांच्या आसपास मोटारी रिवाइंडिंग करणाऱ्यांची दुकानं भरपूर. एका दुकानाबाहेर जळालेल्या मोटारीतून काढलेल्या तांब्याच्या तारांचा गुंता पडलेला असायचा, त्यातला मूठभर मागून आणला. तीन इंची बोल्टवर संध्याकाळभर बसून वेढे घातले. जोडलं, तर तार हाताला चटका बसेल इतकी तापली आणि बोल्टनं साधी टाचणीही उचलली नाही. अप्पांनी तार उजेडात धरली. “जळकी तार हाय ही. कोटिंग गेलंय तिचं. सगळे वेढे एकमेकांला लागलेत. करंट कशाला गोल फिरंल? सरळ निघून जातो.” दुसऱ्या दिवशी ते स्वतः दुकानात गेले आणि नवी इनॅमलची तार तोलून घेऊन आले. मी एकेक वेढा मोजत घातला, तीनशेपर्यंत. हॅक्सॉ ब्लेडचा तुटका तुकडा पट्टी म्हणून, मेकॅनिक्सचा बोल्ट स्क्रू म्हणून, आणि ठोका पडायला सायकलच्या घंटीची वाटी.

जोडली तेव्हा माग चालू होते. ब्लेड थरथरताना दिसत होतं, टोकाशी निळी ठिणगी दिसत होती, पण ऐकू काहीच येत नव्हतं. मी वाटीवर बोट ठेवलं तेव्हा गुदगुल्या झाल्या. घंटा वाजतेय हे मला आधी बोटाला कळलं आणि तीन दिवसांनी, लाईट गेल्यावर, कानाला. ट्रर्रर्र! स्क्रू एक पीळ आत घेतला की सूर चढायचा, बाहेर घेतला की घोगरा व्हायचा. अक्का दारातून डोकावल्या, “काय रे, टेलिफोन घेतलाव का?”

जानेवारीत गड्डा भरला. संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वरांची यात्रा, सात नंदीध्वज, ६८ लिंगांची प्रदक्षिणा, होम मैदानावर शोभेचं दारूकाम, आणि त्याच मैदानावर पुढे कितीतरी दिवस पाळणे आणि खेळ. माझी नजर त्या वर्षी आकाशपाळण्यावर खिळली. मी बसायला तयार नव्हतो. मला खाली उभं राहून बघायचं होतं. एवढं मोठं चाक गोल फिरतंय आणि त्याच्या प्रत्येक आऱ्यावर दिवे लागलेत. मग त्या वायरींना पीळ का पडत नाही? अप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला मधल्या आसाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं नेलं, पण तिथे पत्र्याचं झाकण होतं. घरी येताना सायकलवर मागे बसून मी दहा वेळा विचारलं. ते पेडल मारत गप्प. घराच्या वळणावर म्हणाले, “मोटारीत कार्बन असतो बघ. घासत राहतो. तसलं काहीतरी.”

पुढचे दोन रविवार आम्ही दोघं तसलं काहीतरी करत बसलो. आठ पट्ट्यांचं चाक केलं. आसावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला, त्याच्यावर तुपाच्या डब्याच्या पत्र्याची अंगठी वळवून बसवली. अंगठीपासून एक वायर चाकावरच्या बल्बांना, आणि बल्बांची दुसरी बाजू चाकाच्या लोखंडाला. खाली, खांबाच्या लोखंडाला टेकणार नाही अशा बेतानं, पितळेची पातळ पट्टी अशी लावली की ती अंगठीवर सतत घासत राहावी. वीज पट्टीतून अंगठीत, अंगठीतून बल्बात, बल्बातून चाकात, आसात, खांबात आणि परत सेलकडे. फिरवायला डब्यातली मूठ आणि दोन पुली. पुलीवर आधी आईचा विडीचा दोरा लावला, तो तुटला. मग अप्पांनी ताण्याचं सूत आणून तीनपदरी वळलं, ते टिकलं.

पत्र्याच्या अंगठीला एके ठिकाणी जोड होता. तिथून पितळेची पट्टी जाताना क्षणभर उचलली जायची आणि चारही दिवे मिचकायचे. दर फेऱ्याला एकदा. मला तो दोष वाटत होता, मी तो घासून घासून सपाट करायला बघत होतो. अप्पा म्हणाले, राहू दे, जिवंत वाटतंय.

त्या वर्षीचा उन्हाळा मला याच पाळण्याच्या उजेडात आठवतो. लाईट गेली, शेवटचे ठोके पडले, शांतता झाली, की कुणीतरी ओसरीवरून हाक मारायचं, “गड्डा लाव रे!” मी पाळणा दाराच्या उंबऱ्यावर आणून ठेवायचो. अक्कांची तिन्ही मुलं, समोरच्या कारखान्यातले घामाघूम विणकर खांद्यावर टॉवेल टाकून, एखादा म्हातारा, सगळे अर्धवर्तुळ करून उभे. आधी मी घंटा वाजवायचो. मग मूठ फिरवायची. चार छोटे दिवे अंधारात वर जायचे, खाली यायचे, मिचकायचे. घंटा आणि दिवे एकदम चालू केले की घंटेच्या ओढीनं दिवे मंद व्हायचे, दोन सेलांमध्ये तेवढी ताकद कुठली! विणकरांच्यात एक जण होते, दिवसभर त्या आवाजात काम करून त्यांना कमी ऐकू यायचं. ते पुढे येऊन उकिडवे बसायचे आणि घंटेच्या वाटीवर बोट ठेवायचे. माझ्यासारखंच. बोट ठेवून हसायचे.

आई आतून ओरडायची, सेल संपतील. खरंच संपायचे. मग ते गच्चीवर उन्हात ठेवायचे, ऊब लागली की थोडा जीव धरायचे. सेल असेपर्यंत आणि लाईट नसेपर्यंत, एवढाच आमच्या गड्ड्याचा वेळ. कधीकधी ऐन रंगात समोरचा बल्ब पेटायचा, एकेक माग सुरू व्हायचा, खडाक, खडाक-खडाक, विणकर टॉवेल झटकून आत पळायचे, आणि माझी घंटा वाजत असूनही नाहीशी व्हायची. लाईट आल्याचं वाईट वाटणारा गल्लीतला मी एकटाच असेन.

नंतरचं थोडक्यात सांगतो. आठवीत क्रिकेट आलं. अप्पांचा कारखाना पुढे बंद पडला, माग भंगारात गेले. आम्ही विजापूर रोडकडे राहायला आलो. तिकडे रात्री इतकं शांत असायचं की अप्पा पंखा मुद्दाम मोठा लावून झोपायचे. २००९ मध्ये ते गेले.

डबा माझ्याकडे आहे. पाळणा मी कधीच सुटा केला नाही. अंगठी गंजली होती, एका सेलातून पाणी गळून खालचा पुठ्ठा खाल्ला गेला होता, ब्लेडचं टोक काळं पडलं होतं. माझी लेक यंदा नववीत आहे. मागच्या महिन्यात तिनं विचारलं, बाबा, हे चालतं का? मी म्हटलं, चालवू.

स्क्रूचे छोटे बल्ब शोधायला चार दुकानं हिंडलो. सगळीकडे एलईडी. शेवटी एका जुन्या दुकानदारानं ड्रॉवरच्या तळातून सहा काढून दिले, काचेवर धूळ तशीच. लेकीनं तुपाच्या डब्याची नवी अंगठी वळवली. बोल्टांभोवती पुन्हा पॉलिश पेपर मारला, तिला सांगितलं की गंजातूनही करंट जात नाही, रंगासारखंच. तिनं जोड इतका सफाईनं बसवला की दिवे मिचकेनात. मी तिला तो जरा वर काढायला सांगितला. का, म्हणाली. मी सांगितलं. तिनं काही न बोलता चिमट्यानं कड उचलली.

रविवारची दुपार होती. घरात पंखे, फ्रीज, टीव्ही सगळं चालू. मी मूठ फिरवत होतो, ती ब्लेडचा स्क्रू थोडा थोडा आत घेत होती. ठिणगी दिसली, आणि मग एकदम सूर लागला. ट्रर्रर्र.

आतल्या खोलीत आई पडली होती. तिला आता बरंच कमी ऐकू येतं, हाक मारली तर पहिल्यांदा कळत नाही. पलंगाची कुरकुर झाली आणि तिचा आवाज आला,

“लाईट गेली का रे?”